गॅसच्या बिलातून संशोधन निधी: अमेरिकेतला अधिभार का बंद पडला?

प्रश्न (ऊर्जाधोरण_नाशिक)
अमेरिकेत १९७६ मध्ये गॅस रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचा खर्च आंतरराज्य पाइपलाइनमधून वाहणाऱ्या गॅसवरच्या अधिभारातून भागायचा आणि त्याला संघीय ऊर्जा नियामक आयोगाची मंजुरी लागायची. शेल गॅस (शेल नावाच्या खडकात अडकलेला गॅस), कमी इंधनात घर तापवणाऱ्या भट्ट्या अशी कामं या पैशातून पुढे गेली. तरी २००४ पर्यंत अधिभार टप्प्याटप्प्याने संपला. नेमकं काय चुकलं? आज असा निधी उभारायचा तर कलमं कशी लिहावीत?

नळजोडणी
वसुलीची जागा चुकली. रक्कम फार नव्हती: तेव्हाचा देशाचा वापर वर्षाला साधारण २० लाख कोटी घनफूट. हजार घनफुटांमागे एक सेंट सगळ्यांकडून घेतला तर २० कोटी डॉलर जमतात. अडचण 'सगळ्यांकडून' या शब्दात होती. आयोगाच्या १९९२ च्या आदेश क्रमांक ६३६ नंतर पाइपलाइन कंपन्यांकडे फक्त वाहतूक उरली, गॅसची विक्री नाही. मोठा कारखाना दुसऱ्या पाइपलाइनकडे जाऊ नये म्हणून त्या दरात सूट द्यायच्या, आणि सवलतीच्या दरात अधिभाराला जागाच राहायची नाही. राज्याच्या हद्दीतच वाहणाऱ्या लाइनी तर संघीय अधिकारात येतच नव्हत्या. म्हणजे भार पडला तो ज्याला पळवाट नाही त्या घरगुती ग्राहकावर, आणि संशोधनाचा लाभ मात्र सर्वांना.

मीटर_वाचक
कॅलिफोर्नियाचा २००० सालचा कायदा बघा. तिथे आकारणी वाहतुकीवर नाही, राज्यातल्या वापरावर आहे. आंतरराज्य लाइनीतून थेट गॅस घेणाऱ्यालाही ती चुकत नाही. वितरण कंपनी बिलातून घेते, राज्याच्या कर खात्याकडे भरते आणि पैसा स्वतंत्र निधीत जातो. विक्रीसाठी वीज बनवायला लागणाऱ्या गॅसला सूट आहे. २००४ मध्ये संशोधनाचा कारभार राज्याच्या ऊर्जा आयोगाकडे आला: २००५ साठी १.२ कोटी डॉलर, पुढे वर्षाला कमाल २.४ कोटी. बाजार किंवा नियंत्रित कंपन्या ज्याकडे पुरेसं लक्ष देत नाहीत, तेच काम घ्यायचं, ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. मात्र याच आकारणीतून गरीब ग्राहकांची बिल सवलतही भागते, म्हणून संशोधनाची रक्कम राज्याच्या नियामकाच्या आदेशात वेगळी लिहावीच लागते.

पीई_पाइप
खर्चाच्या बाजूचीही कलमं हवीत. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अनुदानात २००५ च्या कायद्याप्रमाणे संशोधनाला किमान २० टक्के आणि प्रात्यक्षिक प्रकल्पाला ५० टक्के वाटा संघीय सरकारबाहेरून यावा लागतो. तो रोखीऐवजी यंत्र, जागा, माणसांचे तास अशा रूपातही चालतो, आणि लेखापरीक्षणात घोळ होतो तो इथेच. दुसऱ्या संघीय अनुदानात एकदा दाखवलेला वाटा पुन्हा मोजता येत नाही. तासांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा.
शिवाय मंजुरी वर्षावर्षाची नको. पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या पाइपचं दीर्घकालीन बळ ठरवण्याच्या दाब चाचण्या १०,००० तासांपर्यंत, म्हणजे जवळजवळ १४ महिने चालतात. मधेच पैसे थांबले की नमुने काढावे लागतात आणि चाचणी शून्यापासून.

ऊर्जाधोरण_नाशिक
आभार. आपल्याकडे तेल उद्योग विकास कायदा, १९७४ खालचा उपकर याच धर्तीचा मानता येईल का?

नळजोडणी
अर्धाच. तो कच्च्या तेलाच्या उत्पादनावर घेतात आणि आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य खात्यात, जमा होतो. त्यातून तेल उद्योग विकास मंडळाला किती द्यायचं हे संसदेच्या विनियोजनावर, म्हणजे खर्चाच्या मंजुरीवर, ठरतं. वसुली पक्की, पण संशोधनापर्यंत पैसा पोचण्याची हमी कायद्यात नाही. मसुदा लिहिताना कॅलिफोर्नियासारखा स्वतंत्र निधी आणि त्यातली संशोधनाची किमान रक्कम, दोन्ही मूळ कायद्यातच घाला. नियमावलीवर सोडू नका.