कारखान्यातील व्यायामशाळेमुळे माणसे खरोखर जोडली जातात का?

मूळ धागा (हिशेब विभाग, चिंचोळी औद्योगिक वसाहत, सोलापूर)

आमच्या टॉवेल कारखान्यात दोन वर्षांपूर्वी सुताच्या जुन्या गोदामात व्यायामशाळा सुरू झाली. तोपर्यंत माग खात्यातल्या माणसांशी माझा संबंध पगारपत्रकापुरताच होता. त्यांच्या लेखी मी कपात करणारा कारकून होतो आणि माझ्या लेखी ते हजेरीचे आकडे. आज मी बाकावर पडून वजन उचलतो तेव्हा डोक्यामागे उभे राहून दांड्याखाली हात धरणारे गृहस्थ आमचे जॉबर, म्हणजे माग खात्यातले मुकादम, आहेत. ज्याच्या हातांवर भरवसा ठेवून आपण चाळीस किलो छातीवर उतरवतो, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइमच्या तासांवरून तुसडेपणाने बोलता येत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बारा वल्हेपटूंवर झालेल्या प्रयोगात एकट्याने केलेल्या व्यायामापेक्षा, तेवढेच श्रम एकत्र आणि एका लयीत केल्यावर वेदना सोसण्याची ताकद अधिक वाढलेली आढळली; माणसांना जवळ आणणारी मेंदूतील रसायने स्रवल्याची ती खूण मानली जाते. अर्थात, गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळलेल्या सोलापूरकराला यासाठी प्रयोगाची गरज नाही.

प्रतिसाद १ (शिलाई खाते, अक्कलकोट रस्ता)

दादा, आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो पुरुषांचा आहे, एवढेच निदर्शनास आणते. आमच्या कारखान्यातही व्यायामशाळा आहे आणि तिच्या दारावर ‘महिलांसाठी वेळ : ४ ते ५’ अशी पाटी आहे. आमची पाळी साडेचारला संपते आणि बस पावणेपाचला सुटते, त्यामुळे ही पाटी कोणी व कोणासाठी लावली, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असल्यास उपाहारगृहाची आणि ३० हून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघराची तरतूद होती, व्यायामशाळेची नव्हती. आमच्या पाळणाघराच्या खोलीत मात्र सध्या सुताच्या कोनांची खोकी रचलेली आहेत. आम्ही एकमेकींच्या जवळ आलो त्या जेवणाच्या सुट्टीत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटून घेताना. तीस मिनिटांच्या त्या सुट्टीतील दहा मिनिटे हात धुण्याच्या रांगेत जातात. मालकांना माणसे जोडायची असतील तर त्यांनी आणखी दोन नळ बसवावेत.

प्रतिसाद २ (निवृत्त पर्यवेक्षक)

ताईंशी मी सहमत आहे, पण माझा आक्षेप निराळा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची यादृच्छिक निवडीने विभागणी करून आरोग्य-कार्यक्रमाची परीक्षा घेतली, तेव्हा त्यात भाग घेणारे बहुतांशी आधीपासूनच निरोगी असल्याचे दिसले आणि व्यायामशाळेतील त्यांच्या फेऱ्याही त्या कार्यक्रमामुळे वाढल्या नाहीत. तो अभ्यास मैत्रीविषयी नव्हता, हे मान्य. तरीही ज्यांचे आधीच जमते तेच एकत्र येतात आणि श्रेय यंत्रांना मिळते, ही शंका त्यावरून बळावते. शिवाय आपल्या शहरात पेठोपेठी तालमी आहेत. तालमीत साहेब आणि कामगार दोघेही वस्तादापुढे सारखेच. कारखान्याच्या व्यायामशाळेत साहेब आले की यंत्र रिकामे करून द्यावे लागते.

धागालेखक

काका, यंत्र रिकामे करून देण्याचा प्रकार आमच्याकडेही घडला आहे, हे नाकारत नाही. पण तालमीत माणूस आपल्याच पेठेतल्यांना भेटतो. आमचे जॉबर पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. मी जुळे सोलापुरात राहतो. कारखान्याबाहेर आमची गाठ पडण्याचा काहीच संभव नव्हता. ताई, आपल्या वेळेच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे स्त्रियांची वेळ कोणती, हे आज दुपारी मुद्दाम जाऊन पाहिले. पाटीच नाही. स्त्रियांसाठी वेळ ठेवून आमची बस अर्धा तास उशिरा सोडता येईल का, असे व्यवस्थापकांना विचारले आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

विचारलेत याबद्दल आभार. परंतु आमच्याकडे बस अर्धा तास उशिरा निघाली तर मोहोळकडच्या चौघींची एसटी चुकेल. वेळ ठरवण्यापूर्वी कृपया आपल्याकडील शिलाई खात्यालाही विचारावे, आणि शक्य झाल्यास ते जेवणाच्या सुट्टीत जाऊन विचारावे.