अ‍ॅनोरेक्सिया: हाडं दिसत असताना "मी जाड आहे" असं खरंच वाटतं का?

कोरा_कागद:
कॉलेजातल्या समुपदेशकांसाठी टिपण करतेय, दोन ठिकाणी अडलेय. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसामध्ये (खाणं टोकाचं कमी करत जाण्याचा मानसिक आजार) वजन धोक्याच्या पातळीखाली गेलेलं असतं, तरी मुलगी "पोट बघा कसं सुटलंय" म्हणते. हा नजरेचा घोटाळा की विचारांचा? आरशात तिला खरंच जाड शरीर दिसतं का? दुसरं, घरचे "अगं, काडी झालीयेस" म्हणून थकतात, जुने फोटो दाखवतात, आरशासमोर उभं करतात आणि गाडी आणखी बिघडते. मग बोलायचं तरी काय? "आत्मविश्वास वाढवा" छाप उत्तरं नकोत.

दुपारची_ओपीडी:
दोन्ही आहे, पण विचारांचं पारडं जड. देहप्रतिमेतला बिघाड या आजाराच्या केंद्रस्थानी आणला तो मानसोपचारतज्ज्ञ हिल्ड ब्रुक यांनी, १९६२ साली. नंतरच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं ते असं, की बऱ्याच रुग्ण स्वतःचं शरीर आहे त्यापेक्षा रुंद सांगतात, पण दुसऱ्याचं शरीर किंवा एखाद्या वस्तूची रुंदी बरोबर ओळखतात. म्हणजे डोळे ठीक आहेत.

गंमत पुढेच आहे. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना वेगवेगळ्या रुंदीच्या दारांतून चालायला लावलं. निरोगी स्त्रिया दार खांद्यांपेक्षा साधारण २५ टक्के रुंद असेपर्यंत अंग तिरकं करत होत्या. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्ण ४० टक्के रुंद दारातही तिरक्या होत होत्या. लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवलेलं असताना! मेंदूतला शरीराचा नकाशाच मोठा आहे, म्हणून आरसा दाखवून वाद जिंकता येत नाही.

आणि सगळ्यांना जाड दिसतंच असंही नाही. डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) मधल्या तिसऱ्या निकषात तीन पर्याय आहेत: शरीर विकृत भासणं, स्वतःची किंमत वजन-आकारावर तोलणं, किंवा कमी वजनाचं गांभीर्यच न पटणं. "हो, बारीक आहे मी, मग?" म्हणणारीही यात बसते. ही समजूत बहुतेकदा भ्रमाच्या पातळीची नसते, पण साध्या मतापेक्षा कितीतरी घट्ट असते. ओलान्झापिन या मानसोपचारातल्या औषधाने काहींचं वजन थोडं वाढतं. समजूत मात्र गोळीने धुऊन निघत नाही.

वरणभात_तूप:
आहाराच्या बाजूने भर घालते, कारण अर्धा गोंधळ उपासमारीचा असतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन जवळपास चतुर्थांश घटलं. हे पुरुष पाककृती गोळा करू लागले, घास तासन्‌तास चघळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा खायला लागल्यावर काहींना पोट-मांड्या सुटल्यासारख्या वाटू लागल्या. यांना आधी अ‍ॅनोरेक्सिया नव्हता!

शिवाय उपासमारीत जठर सावकाश रिकामं होतं. अर्धी वाटी वरण-भात खाल्ला तरी पोट कितीतरी वेळ टम्म राहतं. जाणीव खरी असते, अर्थ चुकीचा लावला जातो. वजन वाढताना पायांवर सूज येऊ शकते (ती दिसली तर डॉक्टरांना दाखवायचीच), चरबी आधी पोटाभोवती जमते आणि वजन टिकलं तर पुढच्या महिन्यांत, कधी वर्षभरात, अंगभर सारखी होते. हे आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर ती समजूत घातल्यासारखं वाटतं.

घरची नेहमीची चूक: "निदान काहीतरी खाऊ दे" म्हणून तिच्यासाठी तूप-तेल वगळणं. तिचा नियम बरोबर होता यावर तुम्हीच शिक्का मारता. पण फार खंगलेल्या व्यक्तीला घरीच एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन घसरतं, जिवावर बेतू शकतं. थायमिन (ब१ जीवनसत्त्व) आणि रक्ततपासण्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

कोरा_कागद:
म्हणजे वजन वाढेपर्यंत विचारांना हातच लावायचा नाही?

दुपारची_ओपीडी:
लावायचा, पण समजुतीशी थेट कुस्ती नको. त्या समजुतीला खतपाणी घालणाऱ्या सवयी धरा. मानसोपचारतज्ज्ञ फेअरबर्न यांच्या पद्धतीत (खाण्याच्या विकारांसाठी विचार आणि सवयी बदलण्याची थेरपी) साधारण २० सत्रं असतात, वजन कमी असेल तर ४० च्या आसपास. वजन आठवड्यातून एकदाच, सत्रातच, थेरपिस्टबरोबर करायचं. निष्कर्ष चार-पाच नोंदी झाल्यावर काढायचा, कारण एका आकड्यात पाणी आणि बद्धकोष्ठताही मोजली जाते. आरसा, काटा, जुनी जीन्स यांनी दिवसात किती वेळा तपासणी होते ते एखाद-दोन दिवस लिहून काढायचं. जेवढं निरखाल तेवढे दोष दिसतात.

"जाड वाटतंय" या वाक्यासाठी वेगळी वही. सकाळी दहा ते दुपारी दोन यात शरीर बदललेलं नसतं, भावना बदललेली असते. वेळ आणि त्याआधी काय घडलं एवढंच लिहायचं. परीक्षा, भांडण, एकटेपणा, पाळीची दुखणी हळूहळू दिसू लागतात. आरशासमोर स्वतःला बघण्याचा सराव सगळ्यात शेवटी आणि तज्ज्ञाबरोबरच.

मूल किशोरवयीन असेल तर कुटुंबाधारित उपचार आधी पाहा. त्यात सुरुवातीला जेवणाचा ताबा आईवडिलांकडे असतो.

एकादशी_दुप्पट:
आपल्याकडचा एक मुद्दा राहिला. जाड होण्याची भीती बोलून दाखवलीच जात नाही, असंही होतं. मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी हाँगकाँगमधले ७० रुग्ण तपासले, त्यांत निम्म्याहून अधिकांत ही भीती नव्हती. "पोट भरलंय", "भूकच नाही" एवढंच. इथे ते अ‍ॅसिडिटी किंवा उपवास म्हणून समोर येतं. विचारायचं ते एवढंच: उपवासाला खिचडी, दाणे, दूध चालतं का, की फक्त पाणी? पारणं होतं का, की एक वार दुसऱ्याला जोडला जातो? "तुला जाड व्हायची भीती आहे ना?" असं तिच्या तोंडी घालू नका.

घरी बोलायचं वाक्य: "पोट जड वाटतंय, कळतंय मला. तरी ताटातलं संपवायचंय. मी इथेच बसलेय." वाद नाही, कौतुक नाही. पाहुण्यांना आधीच दम भरा. "तब्येत सुधारली हं", "अंग धरलंय" हे तिच्या कानावर "जाड झालीस" म्हणूनच पडतं.

चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड, पायांवर सूज, किंवा किशोरवयात जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल तर समुपदेशन थांबवून थेट रुग्णालय. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून परत पाठवलं तर ईसीजीचा आग्रह धरा. खूप खंगलेल्यांचेही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं.