बाबा आढावांनी व्यापार बुडवला म्हणे!

नानापेठेतला: काल एकाने लिहिलं, 'बाबा आढावांनी हमालांना माज शिकवला, माथाडी कायद्याने व्यापार बुडाला.' हमाल, माथाडी म्हणजे ओझी वाहणारे; त्यांना संरक्षण देणारा हा कायदा. रात्रभर डोक्यातून जाईना. माझे वडील भुसार बाजारात हमाल होते. शंभर किलोचं पोतं पाठीवर. मानेवर जिथे ते टेकायचं, तिथली कातडी टाचेसारखी झाली होती. लहानपणी मी तिथे तेल चोळायचो. 1969च्या कायद्याआधी ना पीएफ, ना रजा. माणूस आजारी पडला की चूल थंड. बाबा तेव्हा पुण्यात नाना पेठेत दवाखाना चालवायचे. पेशंट हेच हमाल. पुढे हमालांची संघटना, हमाल पंचायत झाली, 1974ला कष्टाची भाकर सुरू झाली. बारा तास ओझं वाहणाऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळू लागलं. याला माज म्हणता?

भुसारवाला: ते मीच लिहिलंय. 'माज' शब्द चुकला, तेवढा मागे घेतो. बाकी ठाम आहे. माझ्या गोडाऊनला गाडी लागली की चार अनोळखी पोरं येतात, पोत्याला बोट लावत नाहीत आणि 'वाराई टाका' म्हणतात, म्हणजे माल उतरवायची मजुरी. माथाडी मंडळाची लेव्ही, हमालांच्या पीएफ-रजेसाठीची रक्कम, मी वेगळी भरतोच. हा माथाडी का?

नानापेठेतला: त्यांची मंडळात नोंद आहे का, हमालांची टोळी कुठली, विचारलंत? काम न करता पैसे मागणं ही खंडणीच. तिची पावती बाबांच्या नावावर का फाडता?

जुन्नरकडचा: तुम्ही दोघं भांडा, मरतो शेतकरी. कांदा विकल्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, समोर आहे. कापलेले पैसे: हमाली, तोलाई म्हणजे वजन करायची मजुरी, भराई, गाडीभाडं. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं, तरी तोलाई कापली. हातात आलं त्यात काढणीची मजुरीसुद्धा सुटली नाही. हमालाला बाबा भेटले, आम्हाला कोण?

भुसारवाला: तोलाई आमच्या खिशात येत नाही हो, तोलणाराला जाते.

जुन्नरकडचा: जाते माझ्या पट्टीतून! 2016ला फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदारावर टाकली, तेव्हा बाजार कायमचे बंद पडले का? तोलाईही त्याच्यावर टाका.

नानापेठेतला: तोलणाराच्या घरीही पोरं आहेत, दादा.

जुन्नरकडचा: माझ्या घरी नाहीत?

कावेरी: बाबांवरून सुरू झालं आणि तोलाईवर अडकलात. माझी आई कचरा वेचायची. सोसायटीत शिरली की वॉचमन चोर म्हणून हाकलायचा. 1993ला कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा अध्यक्ष. पुढे आईला ओळखपत्र मिळालं. ते ती गळ्यातून रात्रीही काढत नसे. अडवलं की पुढे करायची. 'एक गाव एक पाणवठा'सुद्धा विसरू नका. दुष्काळात दलितांना विहिरीवर जाता यावं म्हणून हा माणूस गावोगाव फिरला.

भुसारवाला: पाणवठे किती टिकले, हेही सांगा की. आमच्या गावात आजही पंगत वेगळी बसते.

कावेरी: मग तुम्ही त्या पंगतीतून उठलात का कधी?

भुसारवाला: नाही उठलो. खोटं कशाला बोलू? आणि नानापेठवाले, तुमच्या वडिलांच्या मानेचं वाचून मी सकाळीच गप्प बसायला हवं होतं. कायदा राहू दे, लेव्ही भरत राहीन. पण त्या चार पोरांपुढे मी एकटा उभा राहणार नाही. पंचायतीचं कुणीतरी सोबत यायला हवं.

नानापेठेतला: गाडी कधी लागते ते कळवा. वडिलांच्या टोळीतले दोघे अजून कामावर आहेत, त्यांना घेऊन येतो.

जुन्नरकडचा: आणि तोलाई?