पुनः पुनः पुनः दिंडी साडेदहाला??

नमस्कार,
आपल्या फीनिक्सच्या (अमेरिका) मंडळाच्या आषाढी दिंडीच्या पत्रकात परत सकाळी साडेदहाच. गेल्या वर्षी पार्किंगच्या डांबरावर अनवाणी चालून कोणाच्या तळपायांना फोड आले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मलम मीच लावलं होतं. सहाला निघू या, आणि चपला घालून.
– प्रथमोपचारवाली

ताई, हॉलची किल्ली नऊच्या आत मिळत नाही. तीनदा कळवलंय. पालखी आदल्या रात्री कोणाच्या गॅरेजमध्ये ठेवायची बोला, लगेच सहा करतो. ज्यांनी मागच्या वेळी ठेवली त्यांनी घुंगरं अजून दिलेली नाहीत.
– सचिव

घुंगरं माझ्याकडे नाहीत!! ढोलवाल्यांना विचारा. आणि उन्हाचं एवढं काय? आम्ही अकोल्याचे. मंडळाचा कूलर लावा, गारेगार.
– गॅरेजवाले काका

काका, अकोल्यात मे महिना कोरडा, म्हणून कूलर चालतो. इथे फीनिक्सलाही जूनमध्ये चालतो. जुलैत पावसाळी दमट हवा आली की पाण्याची वाफ नीट होत नाही, नुसतं चिकचिक. आणि ऊन म्हणाल तर २०२३ आठवा. २९ जूनला आषाढी, ३० पासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा वर. म्हणजे आपले ४३ अंश सेल्सिअस. डांबर त्याहून किती तरी तापतं.
– ढोलवाला (घुंगरं आमच्याकडेही नाहीत)

मध्येच विचारते, ओआरएस उपवासाला चालतं का? सासूबाई निर्जळी करतात. बीपीच्या गोळीने लघवीही जास्त होते.
– नवीन सभासद

चालतं हो. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, तसाच अर्धा चमचा सैंधव. पण अशा उन्हात, त्यात ती गोळी, निर्जळी नकोच. डॉक्टरांना विचारून घ्या. विठोबा रागावणार नाही, सासूबाईंचं मी बघते. आणि कोणी असंबद्ध बरळायला लागलं तर सरबत पाजत बसू नका. आधी ९११ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन, मग सावलीत नेऊन अंगावर गार पाणी, मानेला-काखेत बर्फ.
– प्रथमोपचारवाली

साबुदाणा किती भिजवू ते कोणीच सांगत नाही.
– स्वयंपाकघर

ठीक. सहा वाजता, चपलांसकट. पालखी माझ्याकडे, पण गाडी बाहेर उन्हात राहणार हे लक्षात ठेवा.
– सचिव

घुंगरं सापडली. कूलरमध्ये होती.
– गॅरेजवाले काका