बघून कळतं, पण येतं का? एसएन१, एसएन२ आणि व्हिडिओचे धडे

लोकमान्यनगर_शिकवणी

इंदूरला घरीच अकरावी-बारावीची आणि बीएस्सीची मुलं शिकवते, बावीस वर्षं झाली. हल्ली येणारं जवळजवळ प्रत्येक मूल आधी व्हिडिओ बघून आलेलं असतं. माझं मत सरळ सांगते: न्यूक्लिओफिलिक सब्स्टिट्यूशन हा धडा व्हिडिओवर शिकू नये. म्हणजे कार्बनवरचा एक गट सुटतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन आलेला दुसरा, न्यूक्लिओफाइल, बसतो तो धडा; आधी सुटून मग बसला तर एसएन१, सुटणं-बसणं एकदमच झालं तर एसएन२. उजळणीला खुशाल बघा, पण पहिली ओळख त्यावर नको.

परवाची गोष्ट. बारावीतला मुलगा, चांगला हुशार. अख्खी मालिका दुप्पट वेगाने बघून आलेला. "टर्शरी असलं की एसएन१, प्रायमरी असलं की एसएन२," तोंडपाठ. (सुटणारा गट ज्या कार्बनवर आहे त्याला आणखी एकच कार्बन जोडलेला असला तर प्रायमरी, दोन असले तर सेकंडरी, तीन असले तर टर्शरी.) मी त्याला १-ब्रोमो-२,२-डायमिथिलप्रोपेन, म्हणजे निओपेंटिल ब्रोमाइड दिलं आणि विचारलं, सोडियम इथॉक्साइडबरोबर एसएन२ कशी होईल? तो म्हणाला, "प्रायमरी आहे, झटपट होईल." होत नाही. इथिल ब्रोमाइडच्या तुलनेत ती लाख पटीहून मंद आहे. मी म्हटलं, रेणू काढ. त्याने सपाट काढला. म्हटलं, पाचर आणि तुटक रेषा घालून काढ, आपल्याकडे येणारा बंध पाचरीने, मागे जाणारा तुटक रेषेने. वीस मिनिटं लागली. मग पेन्सिल थांबली आणि तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, मागून यायला जागाच नाही. शेजारच्या कार्बनवर तीन मिथिल बसलेत."

हे त्याला कोणीही सांगितलं नाही, त्याच्या हातातून आलं. व्हिडिओत सगळं दुसऱ्याच्या हाताने होतं. बाण दुसऱ्याचा, गती दुसऱ्याची, आणि मूल मान डोलावतं. त्या डोलावण्याची मला भीती वाटते.

बडवानी_ते_भंवरकुवा

ताई, तुमचं मत वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितो. मी बडवानी जिल्ह्यातल्या गावचा, आता इंदूरला भंवरकुव्याला खोली घेऊन राहतो. अकरावीत आमच्या शाळेत रसायनाचे सर दिवाळीनंतर नव्हतेच. दुसरे आले नाहीत. कोण काढून घेणार होतं माझ्याकडून पाचर आणि तुटक रेषा? मोबाइल होता, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला होता, तेवढ्यावर मी हा धडा शिकलो. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट आहेत, २००३ पासून ते काम चाललंय. ती नसती तर मी आज बीएस्सीला नसतो.

आणि एसएन२ तर खास व्हिडिओचाच विषय आहे. न्यूक्लिओफाइल पाठीमागून येतो, समोरून ब्रोमाइड सुटतो, आणि मधल्या क्षणी कार्बनवरचे उरलेले तीन गट वाऱ्यात छत्री उलटावी तसे पलटतात. हे फळ्यावर दाखवून बघा. मी ते अ‍ॅनिमेशन आठ वेळा मागे नेऊन बघितलं. वर्गात आठव्यांदा "सर, परत सांगा" म्हणायची माझी हिंमत झाली नसती.

लोकमान्यनगर_शिकवणी

हिंमत झाली नसती, हे वाचून मला शिक्षिका म्हणून लाज वाटली, ती माझ्याकडे ठेवते. जिथे शिक्षकच नाही तिथे व्हिडिओ हवाच, याबद्दल वाद नाही. पण तू आठ वेळा मागे नेलंस. माझ्याकडे येणारी मुलं मागे नेत नाहीत, पुढे पळवतात. आणि एक खरं सांग: आठव्यांदा बघितल्यावर तू वहीत काढलंस की नाही?

बडवानी_ते_भंवरकुवा

काढलं. पण ते मला व्हिडिओतल्या सरांनीच सांगितलं होतं: "यहाँ रोको और खुद बनाओ."

सेवानिवृत्त_प्रात्यक्षिक

तुम्ही दोघं कागद आणि पडदा यांवर भांडताय. मी चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, म्हणून मध्ये बोलतो.

दोन परीक्षानळ्या घ्या. दोन्हीत ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं सोडियम आयोडाइड. एकीत १-ब्रोमोब्युटेनचे दोन थेंब, दुसरीत टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडचे. पहिलीत थोड्या वेळात पांढरा गढूळपणा येतो, कारण सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्ये विरघळतं, सोडियम ब्रोमाइड विरघळत नाही, खाली बसतं. दुसरी नळी शांत. आता दोन नव्या नळ्या, त्यांत इथेनॉलमधलं सिल्व्हर नायट्रेट. या वेळी टर्शरीच्या नळीत सिल्व्हर ब्रोमाइडचा साका लगेच पडतो आणि प्रायमरीची नळी थांबून राहते. तेच दोन रेणू, फक्त अभिकर्मक आणि द्रावक बदलले, आणि पहिला-दुसरा नंबर उलटला: आधीच्या नळ्यांत एसएन२ची शर्यत होती, नंतरच्या नळ्यांत एसएन१ची. हे ज्याने स्वतः पाहिलं त्याला "टर्शरी म्हणजे एसएन१" पाठ करावं लागत नाही.

अ‍ॅनिमेशनबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यात छत्री उलटते, आणि मुलाला वाटतं कोणीतरी हे डोळ्यांनी पाहिलंय. कोणीही पाहिलेलं नाही. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेनने १८९६ मध्ये मॅलिक आम्ल आणि क्लोरोसक्सिनिक आम्ल एकमेकांत बदलताना पाहिलं की ध्रुवित प्रकाश वळवण्याची दिशा उलटते. नेमकी कुठल्या पायरीला उलटते, हे कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. मग १९३५ मध्ये ह्यूज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २-आयोडोऑक्टेन घेतलं, प्रकाश एकाच बाजूला वळवणारं, आणि ॲसिटोनमध्ये किरणोत्सारी आयोडाइड त्याच्याबरोबर ठेवलं. दोन वेग मोजले: किरणोत्सारी आयोडीन रेणूत किती वेगाने शिरतं, आणि प्रकाश वळवण्याचा गुण किती वेगाने नाहीसा होतो. दुसरा वेग पहिल्याच्या दुप्पट आला.

दुप्पट का, यावर मी वर्गात एक अख्खा तास घालवत असे. उलटलेला रेणू मूळ रेणूची आरशातली प्रतिमा असतो, प्रकाश तेवढाच पण विरुद्ध बाजूला वळवतो, म्हणून एक रेणू उलटला की तो न उलटलेल्या दुसऱ्या एका रेणूचा परिणाम खोडून काढतो. म्हणजे एका अदलाबदलीत दोन रेणूंचं वळवणं हिशोबातून जातं. म्हणून दुप्पट. म्हणजेच प्रत्येक अदलाबदलीत रेणू उलटतोच, एकही अपवाद न करता. अख्खी छत्री त्या एका आकड्यावर उभी आहे. अ‍ॅनिमेशन निष्कर्ष दाखवतं, पुरावा दाखवत नाही.

बडवानी_ते_भंवरकुवा

सर, हा प्रयोग मला माहीत होता. व्हिडिओतूनच. एका लेक्चरमध्ये सरांनी फळ्यावर दोन वेगांचं गणित मांडलं होतं. व्हिडिओ म्हणजे फक्त रंगीत अ‍ॅनिमेशन नव्हे. खडू-फळ्याचे पन्नास मिनिटांचे व्हिडिओही आहेत, फक्त ते कमी लोक बघतात. आणि माफ करा, पण तुमच्या चार नळ्यांचा प्रयोग माझ्या शाळेत कुठे होणार होता? सिल्व्हर नायट्रेट महाग, कपाटाला कुलूप. तो प्रयोगही मी आधी पडद्यावरच पाहिला.

सुदामानगर_आई

माझी मुलगी बारावीला आहे, इंग्रजी माध्यमात. ती व्हिडिओ हिंदी-इंग्रजीत बघते, शंका मला मराठीत विचारते. मी स्वतः हिंदी माध्यमातून बीएस्सी केलं, "नाभिकरागी प्रतिस्थापन" असं पाठ करून. घरात मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना हा शब्द फार फसवतो. हिंदीत राग म्हणजे अनुराग, ओढ. आपल्याकडे राग म्हणजे संताप. नाभिकरागी म्हणजे केंद्रकावर चिडलेला, असा समज आमच्या वर्गातल्या दोन-तीन मराठी मुलींचा वर्षभर होता, आणि त्या आक्रमणाचा बाण उलटा काढायच्या. मराठीत केंद्रकस्नेही म्हटलं की लगेच उमगतं: ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी आहे आणि ज्याला धनभाराची ओढ आहे. बाण त्या जोडीपासून निघतो, कार्बनकडे जातो.

म्हणून मला व्हिडिओ की वही, हा प्रश्न दुसरा वाटतो. पहिला प्रश्न, मुलीला तिच्या भाषेत कोण सांगतंय. व्हिडिओ तिच्याशी बोलतो, पण तिचं ऐकत नाही.

पीथमपूर_शिफ्ट

मी औषधाच्या कारखान्यात आहे, पंधरा वर्षं. लोकमान्यनगरच्या ताईंच्या विरोधात आहे, आधीच सांगतो.

आम्ही रिॲक्टरमध्ये एसएन२ रोज करतो. डीएमएफ हे द्रावक, पोटॅशियम कार्बोनेट, अल्किल हॅलाइड. बॅच घेण्याआधी द्रावकातलं पाणी मोजायचं, कार्ल फिशर या पाणी मोजायच्या यंत्रावर, आणि जास्त निघालं तर ड्रम परत. हे मी बारा वर्षं केलं, कारण तसं लिहिलेलं होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं, कॉलेजातही नाही. तीन वर्षांपूर्वी रात्रपाळीनंतर एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलं की पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये लहान ऋण आयनाभोवती हायड्रोजन बंधांचं कडं बसतं. फ्लोराइड त्यात सगळ्यात जास्त अडकतो, आयोडाइड सगळ्यात कमी. म्हणून न्यूक्लिओफाइलच्या शर्यतीत पाण्यात आयोडाइड पुढे. असं कडं न बसवणारं डीएमएफ किंवा डीएमएसओ हे द्रावक घेतलं की ऋण आयन मोकळा सुटतो आणि क्रम उलटतो, फ्लोराइड पुढे येतो. मी तेव्हा उठून बसलो. आमच्या ड्रममधलं पाणी नेमकं हेच करत होतं, न्यूक्लिओफाइलला गुंडाळून ठेवत होतं.

ताई, माझ्या वयाच्या माणसाला कोण शिकवणीला घेईल? पहिली ओळख असो की पाचवी, व्हिडिओने मला ती दिली.

लोकमान्यनगर_शिकवणी

दादा, तुमच्याकडे बारा वर्षांचा प्रश्न होता. उत्तर व्हिडिओतून आलं, पण प्रश्न तुमच्या ड्रममधला होता. सतरा वर्षांच्या मुलाकडे प्रश्नच नसतो, तो आधी तयार करावा लागतो. माझा हट्ट एवढाच आहे. तरी "शिकू नये" हा शब्द मी मागे घेते. "आधी वहीत एकदा चुकून मग बघावा" असं म्हणते. या आठवड्यापासून तसंच करणार आहे: आर-२-ब्रोमोब्युटेनवर हायड्रॉक्साइड, उत्पादन काढा, मगच व्हिडिओ. (आर आणि एस ही आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रचनांना दिलेली अक्षरं.) एस-ब्युटेन-२-ऑल आलं की कळेल, छत्री उलटली.

सेवानिवृत्त_प्रात्यक्षिक

हे उदाहरण देताना दोन गोष्टी सांगाच. एक, हा सेकंडरी ब्रोमाइड आहे, हायड्रॉक्साइड त्यातून एलिमिनेशनही भरपूर करेल, म्हणजे गट बदलण्याऐवजी दुहेरी बंध तयार होऊन ब्युटीन निघेल. दुसरी, आर चं एस झालं म्हणजे उलटलं, हा नियम नाही. ज्या अग्रक्रमावरून अक्षर ठरतं तो गटांचा अग्रक्रम इथे तोच राहतो, म्हणून अक्षर बदलतं. जिथे अग्रक्रम बदलतो तिथे रेणू उलटूनही आर चा आर राहू शकतो. अक्षरावर विसंबलेलं मूल तिथे हमखास पडतं.

लोकमान्यनगर_शिकवणी

बरोबर आहे, सर. हायड्रॉक्साइडऐवजी ॲझाइड देते, त्यात एलिमिनेशन कमी. आणि अक्षर शेवटी लावायला सांगते, आधी चित्र.

बडवानी_ते_भंवरकुवा

ताई, तुमच्याकडे किती मुलं येतात? दहा? पंधरा? माझ्या गावात या वर्षीही रसायनाला शिक्षक नाहीत. तिथल्या मुलांना प्रश्न कोण तयार करून देणार? मी रविवारी जातो तेव्हा चार-पाच जण येतात. हाच धडा घ्यायचाय. तुमचा निओपेंटिलचा प्रश्न आधी देतो, वीस मिनिटं गप्प बसतो. पण त्यानंतर मोबाइल काढणार आहे.

सुदामानगर_आई

त्यांना केंद्रकस्नेही हा शब्द सांग. आणि बाण कुठून निघतो ते प्रत्येकाकडून काढून घे, मोबाइल काढायच्या आधी.