थॉमस एल्डर : मेंढ्यांचा मालक की व्यापारी? आणि हे उंटांचं काय प्रकरण आहे?

वाटसरू_७
लोकहो, सध्या साऊथ ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीबद्दल वाचतोय आणि सर थॉमस एल्डर हे नाव सारखं समोर येतंय. एकीकडे लाखो एकरांवर मेंढ्या, दुसरीकडे अ‍ॅडलेडमधली पेढी, तांब्याच्या खाणीत पैसा, वर विधान परिषदेतही बसलेला. एकाच माणसाला हे सगळं कसं जमलं? आणि त्याने कराचीहून उंट नेले हे खरंय का? कराची तर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून जास्तच उत्सुकता.

जुनी_वही
उंटांचं खरं आहे, पण आधी पैशाचं सांगते कारण तिथेच सगळी मेख आहे. एल्डर स्कॉटलंडच्या कर्कॉल्डीचा, जन्म १८१८, अ‍ॅडलेडला आला १८५४ मध्ये, भाऊ आधीच तिथे धंद्यात होता. म्हणजे तो मूळचा मेंढपाळ नव्हेच. मेहुणा रॉबर्ट बार स्मिथ याच्याबरोबर १८६३ पासून एल्डर स्मिथ आणि कंपनी चालवली. आपल्याकडच्या अडत्यासारखंच काम समजा, लोकर यायच्या आधी मेंढीवाल्याला उचल द्यायची, मग त्याची लोकर लंडनला पाठवून कमिशन घ्यायचं. शिवाय बेल्टानासारखी मोठमोठी रानं त्याने स्वतःही घेतली, म्हणजे मेंढी त्याची, लोकर विकणारी पेढीही त्याचीच. वालारू आणि मूंटाच्या तांब्याच्या खाणी सुरुवातीला अडचणीत होत्या तेव्हा याच मंडळींनी पैसा घातला, तो पुढे भरभरून परत आला. मला तरी वाटतं की मेंढ्यांपेक्षा या तांब्याने त्याला खरा श्रीमंत केला.

माळरान
+१. उंटांबद्दल माझ्याकडून थोडं. १८६४ ते ६६ तिकडे भयंकर दुष्काळ पडला होता. सर्व्हेअर जनरल गॉयडरने १८६५ मध्ये नकाशावर रेघ मारली, हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही म्हणून. आणि एल्डरची बेल्टाना नेमकी त्या रेघेच्या पलीकडे! लोकर बंदरापर्यंत न्यायला बैलगाड्या, पण बैलाला वाटेत चारा पाणी लागतं आणि तेच नाही, मग काय करणार. म्हणून स्टकी नावाच्या माणसाला पाठवून कराचीहून उंट मागवले, १८६६ च्या सुरुवातीला पोर्ट ऑगस्टाला शंभरावर उंट आणि त्यांच्याबरोबर ३१ माणसं उतरली. खरजेने बरेच उंट मेले पण उरलेल्यांची बेल्टानाला पैदास केली. नवा प्रदेश धुंडाळणाऱ्या वॉरबर्टनच्या १८७३ च्या वाळवंटातल्या मोहिमेला १७ उंट दिले ते एल्डरनेच, त्यातले शेवटी फक्त २ उरले, बाकीचे काही मेले, काही हरवले, काही मोहिमेतल्या माणसांनी उपासमारीत खाल्ले. १८७५ मध्ये जाइल्स नावाचा असाच दुसरा शोधक बेल्टानाहून निघून पर्थला पोचला तोही याच उंटांवर.

वाटसरू_७
बापरे, हे माहीत नव्हतं. आणि राजकारण?

जुनी_वही
१८६३ ते ६९ आणि परत १८७१ ते ७८ तो विधान परिषदेत होता. परिषदेला मत द्यायला मालमत्तेची अट होती आणि सभासदांना पगार नव्हता, त्यामुळे ज्याच्या पेढ्या माणसं सांभाळतात असाच कोणी तिथे वर्षानुवर्षं बसू शकायचा. १८७८ मध्ये सर झाला. लग्न केलं नाही. अ‍ॅडलेड विद्यापीठाला १८७४ मध्ये २०,००० पौंड दिले, १८९७ मध्ये गेला तेव्हा मृत्युपत्रातून आर्ट गॅलरीला २५,००० पौंड. संगीताचं एल्डर कॉन्झर्व्हेटोरियम अजून त्याच्याच नावाने आहे. दानशूर होता हे मी मनापासून मानते.

माळरान
मानतो मीही. पण त्या ३१ जणांचं काय? सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं जायचं, प्रत्यक्षात या उंटवाल्यांत बलुच, सिंधी, पंजाबी, पठाण सगळे. पुढे असे शेकडो गेले, तारायंत्राच्या (टेलिग्राफच्या) लाइनचं सामान, रेल्वेचे रूळ, पिण्याचं पाणी सगळं त्यांनी वाहिलं आणि १९०१ चा स्थलांतराचा कायदा आल्यावर नव्यांना दारच बंद. आणि फ्लिंडर्स डोंगरातले अड्न्यामथन्हा लोक, ज्यांचे पाणवठे मेंढ्यांच्या रानात गेले, त्यांना तर लीज देताना कोणी विचारलंही नाही. वाटसरू, एल्डर वाचताय तर वॉरबर्टनबरोबरचे सालेह आणि हलीम यांच्याबद्दलही नक्की वाचा, सालेह तर जाइल्सच्या मोहिमेतही होता.

वाटसरू_७
सालेहपासूनच सुरुवात करतो. दोघांचेही आभार.