देवमासा, तिमि की तिमिंगिल?

प्रश्न:
कला-साहित्यातल्या व्हेलवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. ग्रीक पुराणातला समुद्रराक्षस केटोस, बायबलमध्ये योनाला गिळणारा तो मासा, मेल्व्हिलच्या 'मोबी डिक' कादंबरीतला पांढरा व्हेल, सगळ्यांना 'देवमासा' म्हटलं की सगळे एकाच साच्यातले वाटायला लागतात. 'तिमिंगिल' चालेल का? त्याचा नेमका अर्थ काय?

प्रतिसाद:
शब्द फोडला की अर्थ समोरच आहे. तिमि म्हणजे समुद्रातला प्रचंड मासा, आणि त्या तिमीलाही गिळतो तो तिमिंगिल. यातला 'गिल' म्हणजे आपलं 'गिळणं'च. पुढे कुणाला तेवढ्यानंही समाधान झालं नाही, म्हणून तिमिंगिलाला गिळणारा 'तिमिंगिलगिल' आला. प्राणिशास्त्राशी याचा संबंध नाही, ही चढाओढ आहे! तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्ये मात्र याच शब्दाची रूपं आज व्हेलसाठी सर्रास वापरतात. त्यामुळे शब्द मेलेला नाही, फक्त मराठीत पोथीत राहिला.

प्रतिसाद:
पोथीत आणि आकाशात. 'सीटस' या तारकासमूहाला मराठीत तिमिंगल म्हणतात (तिथे 'गि'चा 'ग' झालाय). ते नाव चपखल आहे, कारण ग्रीक कथेतल्या राजकन्या अँड्रोमेडाला खायला आलेला केटोस हा राक्षसच होता, व्हेल नव्हे. गंमत अशी की सस्तन व्हेल-डॉल्फिनांच्या गटाचं 'सिटेशिया' हे शास्त्रीय नावही त्याच केटोसवरून आलं.

प्रतिसाद:
तिमि म्हणजे नुसती कल्पना, असं मात्र समजू नका. कालिदासाच्या रघुवंशाचा तेरावा सर्ग काढा. पुष्पक विमानातून राम सीतेला खालचा समुद्र दाखवतोय: 'अमी शिरोभिस्तिमयः सरन्ध्रैरूर्ध्वं वितन्वन्ति जलप्रवाहान्'. हे तिमि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याचे प्रवाह वर उडवताहेत. डोक्याला भोक आणि त्यातून फवारा! हे कालिदासानं स्वतः पाहिलं की दर्यावर्दींकडून ऐकलं, देव जाणे, पण कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं आहे हे नक्की. श्लोकाच्या पूर्वार्धात हे तिमि नदीमुखाचं पाणी त्यातल्या जीवांसकट तोंडात घेऊन जबडा मिटतात, आणि तेच पाणी वरून सोडतात असा भाव आहे. इथे कवी चुकला. फवारा हा तोंडातल्या पाण्याचा नसतो, तो श्वास असतो. पण ही समजूत जगभर होती, एकट्या कालिदासाला बोल नको.

म्हणून माझं मत: खराखुरा प्राणी असेल तिथे 'तिमि' शोभेल, गिळंकृत करणारा राक्षस असेल तिथे 'तिमिंगिल'.

प्रश्नकर्ती:
मग योनाचं काय? त्याला तर गिळलंच आहे.

प्रतिसाद:
मूळ हिब्रूत फक्त 'मोठा मासा' आहे. ग्रीक भाषांतरात तो केटोस झाला आणि पुढे इंग्रजीत व्हेल. तुम्ही 'मोठा मासा'च ठेवा, तेच प्रामाणिक.

योनावरून आठवलं, अशी कथा आपल्या शिल्पातही आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर एका गोलात भलामोठा मासा नाव गिळतोय, आत माणसं, शेजारी वाचलेली नाव. खाली ब्राह्मी लेख: तिमितिमिंगिलाच्या कुशीतून वसुगुप्ताला महादेवानं सोडवलं. इथे महादेव म्हणजे बुद्ध. इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक! आणि लेखात पोटासाठी 'कुच्छि' आहे, म्हणजे कुक्षि, आपली कूस. माशाच्या पोटाला कूस म्हणणं मला तरी फार आवडलं.

प्रतिसाद:
शिल्पाचं निघालंच आहे तर मोबी डिकमधली एक गफलत. चुकीच्या व्हेलचित्रांवर एक अख्खं प्रकरण आहे, त्यात सगळ्यात जुनं चित्र म्हणून घारापुरीच्या लेण्यातल्या मत्स्यावताराचा हवाला दिलाय. घारापुरीची मुख्य लेणी शैव, तिथे कसला मत्स्यावतार! चुकीच्या चित्रांची टर उडवणाऱ्या प्रकरणातच हे असावं, ही मौजच.

प्रतिसाद:
पण 'देवमासा'च चूक नाही का? मासा नाहीच तो.

प्रतिसाद:
सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनेअसनं 1758 मध्ये त्याला सस्तनांत बसवलं. अॅरिस्टॉटलला तर त्याच्या दोन हजार वर्षं आधीच ठाऊक होतं की ही जात फुप्फुसांनी श्वास घेते आणि पिलांना पाजते. तरी जर्मन अजून 'वालफिश' म्हणतात आणि मेल्व्हिलचा निवेदक 1851 मध्ये लिनेअसला धुडकावून व्हेलला मासाच ठरवतो. लोकांची भाषा वर्गीकरणाला विचारून चालत नाही. खटकतं ते 'व्हेल मासा'. परका शब्द घ्यायचा आणि त्याला वर मासाही जोडायचा, हे कशाला?

'देव'बद्दल माझा अंदाज सांगतो. न पेरता उगवणाऱ्या भाताला देवभात म्हणतात, तसंच इथे माणसाच्या आवाक्याबाहेरचं या अर्थानं असावं. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर तर तो खरोखरच देव आहे. तिथले कोळी त्याला 'का ओंग' म्हणतात. 'का' म्हणजे मासा, 'ओंग' म्हणजे आजोबा किंवा मानाचा पुरुष. मेलेला व्हेल किनाऱ्याला लागला की रीतसर अंत्यविधी होतो, ज्याला तो आधी दिसतो तो थोरल्या मुलाच्या नात्यानं सुतक पाळतो, आणि हाडं देवळात ठेवतात.

प्रश्नकर्ती:
म्हणजे व्हिएतनामपुरता तरी 'देवमासा' अक्षरशः बरोबर! ठरलं: केटोसला तिमिंगिल, योनाला मोठा मासा, बाकी देवमासा. 'तिमि' कालिदासापुरता ठेवते, नाहीतर वाचक 'तिमिर' वाचतील.